आठ भोकांची पिन

जिल्हा बँकेच्या भंगार-लिलावात
सत्तावीसशेला सुटलेलं हे धूड
टेम्पोवाल्यानं फ्रिज समजून उभंच आणलं.
त्याला आडवं पडून काम करायची सवय.
बारा वर्षं लोकांच्या शिलका सांभाळल्या,
चेहरा एकाचाही पाहिला नाही.

प्रणोती म्हणाली,
"मामा, याले आता पाहाले शिकवाचं आहे."

मी मोटारी बांधणारा माणूस.
मूलच्या रस्त्यावर टिनाचं शेड,
जळालेल्या पंपांतून काळं तांबं उपसायचं,
वासावरून सांगायचं कोणता फेज गेला.
पाहणं कसं शिकवतात, मला काय ठाऊक.

सीताबर्डीहून तिनं जुनं कार्ड आणलं,
टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून.
दोन पंखे, एकाचं पातं टवका उडालेलं.
कुण्या पोराच्या खेळातली जंगलं
त्यानं चार वर्षं हिरवी केली होती, म्हणे.

ते बसेना.
खाच बरोबर, अंग जास्त.
पत्र्याची एक पट्टी आडवी येत होती.
मी हॅकसॉ काढला.
कीस आत सांडला तर सगळंच खलास,
म्हणून डब्यातल्या पोळीचा ओला गोळा केला
आणि कण न् कण टिपला.
दुपारी भाजी नुसतीच खाल्ली.

मग वीज.
सर्व्हरमधून निघालेली पिन आठ भोकांची,
कार्डाचं तोंडही आठाचंच.
ती लावणार, तेवढ्यात मी हात धरला.
"काहून? बसते तं आहे."
बसते म्हणून लावायची नसते, बाई.
सोयरीकसुद्धा आपण घर पाहून करतो.

मीटर लावला.
इकडे चार आणि चार.
तिकडे तीन आणि पाच.
चौथ्या भोकात
कार्डाला हवी होती जमीन
आणि सर्व्हर तिथं बारा व्होल्ट घेऊन उभा.

बराच वेळ दोघंही बोललो नाही.
मग मी वायर कापली,
डाग दिला, नळी चढवली, पुन्हा मोजलं.
पुन्हा.

बटण दाबलं तर सगळे पंखे एकदम उठले,
समोरच्या चहावाल्यानं विचारलं,
"पिठाची चक्की टाकली का बाप्पा?"
पडदा मात्र काळा.
ती सेटिंगमध्ये शिरली,
चार जीबीच्या वरचं कुठलंसं दार उघडायचं होतं,
बारा वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता.

साडेबाराला शेतीची लाईन आली.
या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रपाळी.
दूर एकेक पंप धरत गेला,
मी आवाजावरून ओळखत होतो कोणता माझ्या हातचा.
प्रत्येक पंपाजवळ एक माणूस,
एक टॉर्च, आणि तीनशे पावलांवर जंगल.
त्याच्यासाठीच तर हे सगळं:
धुऱ्यावरचे कॅमेरे, हे धूड, हे कार्ड,
वाघ दिसला की फोन वाजावा म्हणून.

कार्ड ओळखलं गेलं तेव्हा पावणेदोन.
पहिला फोटो टाकला.
यंत्रानं लिहिलं: रानडुक्कर, एक्क्याण्णव टक्के.
पाहतो तर कवडू निकोडे,
पोत्याची खोळ घेऊन वाकलेला, फुटबॉलमध्ये पाणी ओतताना.
मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.
ती हसली नाही.
तिनं चौकट ओढली, टाइप केलं: माणूस.
पुढचा. माणूस. गाय. माणूस.

मग एक रिकामा फोटो,
नुसतं गवत, थोडं धुकं.
यंत्र म्हणालं: काही नाही, चाळीस टक्के.

उरलेल्या साठात
त्या घडीला कवडू उभा होता,
फोन घरी चार्जिंगला.

झाकण अजून बसत नाही.
कार्ड बोटभर वर राहतं.
कूलरची जुनी जाळी ठेवली आहे त्यावर,
मांजराला तिथली ऊब आवडते.